चार चौकटींचं दार

ब्रसेल्स, १४ जानेवारी

बेनेदिक्त,

तुझी ई-मेल मिळाली. पुस्तक आल्यापासून तुझ्याकडून आलेला हा पहिला मजकूर, आणि त्यात मी 'माननीय महोदया' आहे. खाली सही 'उपमुख्याध्यापिका'. एवढा मान तू मला जन्मात दिला नव्हतास, म्हणून उत्तर हाताने लिहितेय. शाळेची ई-मेल चार जण वाचतात. हे पत्र तुझ्या घरी येईल. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

तुझं म्हणणं मला कळलं. सेव्हरीनबाई नववीच्या वर्गाला फ्रेंचच्या तासाला माझं चित्रकथेचं पुस्तक वाचायला देतात आणि फेब्रुवारीत मला वर्गावर बोलावतात, हे पालक समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे श्रीयुत वार्नां यांना, पसंत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना चित्रं 'फार थेट भिडतात' असं ते म्हणतात. तेव्हा मी एक तर येऊ नये, किंवा यायचंच तर दाराचं पान दाखवू नये. आणि जाता जाता तू घातलेली ओळ: पुढच्या आवृत्तीत त्या पानाचा 'पुनर्विचार' व्हावा.

उत्तर सोपं आहे. नाही. येणार, पान दाखवणार, आणि ते बदलणार नाही.

पुनर्विचार कशाचा करू, तेही सांग ना. त्या पानावर कुणी कुणाला मारत नाही. रक्त नाही, उगारलेला हात नाही, तोंड नाही, शब्द तर एकही नाही. चार सारख्या चौकटी आहेत. चारींत आपल्या स्वयंपाकघराचं बंद दार, जिन्याच्या पायरीवर बसलेल्या दोन मुलींच्या, तुझ्या नि माझ्या, पाठीमागून दिसणारं. दाराखाली उजेडाची पट्टी. पहिल्या चौकटीत पट्टी अखंड. दुसरीत तिच्यात दोन पावलांच्या सावल्या. तिसरीत चार. चौथीत पट्टी जवळजवळ बुजलेली, कारण दारापाशी कुणीतरी खाली पडलंय. पान उलटलं की सकाळ. बाबा सगळ्यांच्या पावाला लोणी लावतायत आणि गुणगुणतायत, ब्रुनो डाव्या हाताने कॉफी पितोय.

यातलं खोटं काय आहे, ते एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय. ब्रुनोला मी प्रत्येक पान क्वेबेकला पाठवलं होतं. सतराव्या वर्षी घर सोडलेला आपला भाऊ, त्याचीच गोष्ट, त्याला विचारल्याशिवाय मी रेघ ओढली नाही. त्याने एकच चूक काढली. 'त्या रात्री टोमॅटोचं सूप नव्हतं, लीकचं होतं. बदल.' मी बदललं. तेवढा अधिकार त्याला होता. तुला नाही, आणि वार्नां नावाच्या माणसाला तर मुळीच नाही.

बाबांची अब्रू म्हणशील. अख्ख्या जांब गावाला खिळे-बिजागऱ्या विकणारा, कार्निव्हलला ढोल बडवणारा, पोरांना गोळ्या वाटणारा आर्मां. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आई म्हणायची तेव्हाही मला पटत नव्हतं. त्या मुठीत काय होतं ते आपल्या तिघांना माहीत आहे.

आन्येस


ब्रसेल्स, ८ फेब्रुवारी

बेनेदिक्त,

शाळेचा दरवाजा तुम्ही बंद केलात. ठीक आहे. सेव्हरीनबाईंनी बुधवारची दुपार धरली. त्या दुपारी शाळा नसते, आणि पोरांनी कुठे जावं हे समितीच्या हातात नसतं. नगर वाचनालयाने वरची खोली दिली. मला वाटलं, दोन-चार येतील. निम्म्याहून जास्त वर्ग आला, काहींच्या हातात तळलेल्या बटाट्याच्या पुड्या. मेयोनीजची बोटं माझ्या पुस्तकाला पुसली. मला बरं वाटलं.

तुला ऐकायचं नसेल तरी सांगते, कारण तू त्यांना 'नाजूक वयाची मुलं' म्हणालीस आणि मला ती तशी दिसली नाहीत.

मी ते पान भिंतीवर लावलं आणि गप्प बसले. लोरिस नावाचा लांबुडका मुलगा आहे. सेव्हरीनबाई सांगतात की याने आजवर एक पुस्तक पुरं केलेलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, इथे काहीच होत नाही. चारदा तेच दार."

मागून कुणीतरी, "तुला चष्मा लागलाय."

"तू सांग मग, काय होतंय?"

"पाय बघ ना, गाढवा. दोनाचे चार झाले."

"मग दोघे जण आत आहेत. त्यात काय?"

"मग शेवटी एकही पाय का दिसत नाही?"

लोरिस उठून भिंतीपाशी गेला, नाक लावून चौथी चौकट बघत राहिला. परत आला तेव्हा बटाटे खाणं थांबलं होतं. म्हणाला, "तो पडलाय. पण पडताना तुम्ही दाखवलंच नाही."

मी म्हटलं, "नाही दाखवलं."

"मग मला कसं कळलं?"

हा प्रश्न मला प्रकाशकाने विचारला नव्हता, समीक्षकाने नाही, तूही नाही. तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मध्ये बोटभर कोरा कागद आहे. ब्रुनो पडला तो तिथे. मी तो काढला नाही, लोरिसने काढला, स्वतःच्या डोक्यात. आपण काढलेलं चित्र माणूस विसरत नाही. म्हणून ही पोरं या पुस्तकांना चिकटतात, बेनेदिक्त. चित्रं सोपी असतात म्हणून नाही. इलियास नावाचा दुसरा मुलगा म्हणाला ते मी तसंच लिहून देते: "गोष्टीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की तो दुःखी झाला. वाचून टाकायचं. इथे कुणी सांगतच नाही. मग मलाच व्हावं लागतं."

आणि आता जे सांगणार आहे त्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले.

माएलिस म्हणून एक मुलगी आहे, कानात अर्धा डझन बाळ्या. ती बराच वेळ दाराकडे बघतच नव्हती. ती आपल्याकडे बघत होती. जिन्यावरच्या दोघींकडे. म्हणाली, "मोठीने छोटीचे कान झाकलेत."

"हो," मी म्हटलं.

"पण तिचे स्वतःचे उघडेच आहेत. तिचे कुणी झाकले नाहीत. तिने सगळं ऐकलं."

लोरिसने विचारलं, "मोठीचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "शिक्षिका झाली."

तू तीन वर्षं माझ्याशी बोलत नाहीस, कारण मी तुला चित्रात काढलं. तुला वाटतं की मी तुला नुसती बघत बसलेली दाखवलं. त्या पोरीने एका नजरेत पाहिलं की मी काय दाखवलं. तू परत बघ. बाळ्यावाल्या मुलीला दिसलं ते तुला दिसत नसेल, तर चूक माझ्या रेघेची नाही.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं, आपल्या घरातलं कुठलंही एक दार काढा. माणूस नको, शब्द नको. त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. आज नाही.

आन्येस


ब्रसेल्स, १७ फेब्रुवारी

बेनेदिक्त,

हे पत्र बहिणीला नाही. उपमुख्याध्यापिकेला आहे.

त्या दुपारी एका मुलीने आपल्या खोलीचं दार आतून काढलं. चित्र बेताचं, पण दाराला टेकवून धुण्याच्या कपड्यांची टोपली ठेवलेली होती, आणि ती फार नीट काढली होती, एकेक वेत. सगळे गेल्यावर ती रेंगाळली. मी विचारलं, "टोपली तिथे का?"

"कडी नाहीये."

"मोडली?"

"बाबांनी काढून घेतली. चिडले की ते वर येतात. टोपली असली की ते आल्याचं निदान आधी कळतं." मग अगदी सहज, पाठीला पिशवी अडकवत म्हणाली, "तुमच्या पुस्तकात दार खाली आहे. आमच्याकडे वर आहे."

तिचं नाव क्लेमांस. आडनाव वार्नां. आता कळलं ना, चित्रं कुणाला फार थेट भिडतात ते.

मी तिला एवढंच म्हटलं की हे मी एकटीजवळ ठेवू शकत नाही, सेव्हरीनबाईंना सांगणार. तिने मान हलवली. नको म्हणाली नाही. सेव्हरीनबाईंनी दुसऱ्याच दिवशी रीतसर तुझ्या टेबलावर ठेवलं. खेळाच्या शिक्षकांनी दंडावर वळ पाहिल्याचंही त्यात लिहिलंय. आणि तू काय म्हणालीस, तेही सेव्हरीनबाईंनी मला सांगितलं. 'पुस्तकाने मुलीची कल्पनाशक्ती भडकलेली असू शकते. घाईने काही करायला नको.'

घाई. आपल्या घराबद्दलही हेच म्हणाले होते सगळे. डॉक्टर म्हणाले, पाद्री म्हणाले. 'आर्मां जरा तापट आहे, पण मनाचा चांगला.' ब्रुनोने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि गाव ढोल ऐकत राहिलं.

मी बालकल्याण कचेरीला फोन केला आहे. मी नातेवाईक नाही, शिक्षिका नाही, मला पोरीच्या घरचा पत्ताही माहीत नाही. त्यांनी विचारलं, शाळेचं काय म्हणणं आहे? शाळा म्हणजे तू. तुझ्या सहीचं काम आहे ते, माझ्या नाही.

वार्नां समितीच्या सभेत तुझ्या शेजारी बसतो. नामूरमध्ये त्याचा दातांचा दवाखाना आहे, तुमचे अर्धे शिक्षक त्याच्याकडे जातात. मला हे सगळं माहीत आहे. तरीही सांगते. तू सही केली नाहीस, तर मी शाळेच्या फाटकासमोर उभी राहून ओरडेन, आणि तुला माहीत आहे की मला लाज वाटत नाही. घरात ती सगळी तुझ्या वाट्याला आली.

आन्येस


ब्रसेल्स, ४ मार्च

बेनेदिक्त,

काल पालक समितीच्या सभेला मी न बोलावता आले, ते तू पाहिलंस. तू वर टेबलाशी होतीस, मी शेवटच्या रांगेत. तिथून काय दिसलं ते सांगते.

आधी माझा संताप झाला. पुस्तकाचा विषय पहिला होता, तो तू शेवटी ढकललास. मग रेडिएटर. मग खानावळीतल्या सुपात मीठ जास्त. मग कार्निव्हलच्या मिरवणुकीत तिसरीच्या मुलांनी काय घालावं. एका आईने दोनदा घड्याळ दाखवलं, तरी तू म्हणालीस, "हा मुद्दाही महत्त्वाचा आहे." मला वाटलं, लोक कंटाळून घरी जावेत आणि पुस्तकाचा काटा गुपचूप निघावा, म्हणून हे चाललंय. मी मनात तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

शेवटी वार्नां उभा राहिला. चांगलं बोलतो, हे मान्य. मऊ आवाज, दात पांढरे. म्हणाला, "शब्द विसरता येतात. चित्र डोळ्यांत बसतं. आपण मुलांच्या डोळ्यांत काय बसवतोय?"

मी मागून म्हटलं, "जे त्यांनी आधीच पाहिलंय ते."

"महोदया, तुम्हाला बोलायला सांगितलेलं नाही."

"मला कधीच सांगत नाहीत. म्हणून मी चित्रं काढते."

लोक हसले. सेव्हरीनबाईही. तो हसला नाही. म्हणाला की मुलांना वाचायला लावायचं तर खरी पुस्तकं आहेत. तेव्हा लोरिसची आई उठली. ती दवाखान्यांत लादी पुसते, त्याच्याही दवाखान्यात असेल. म्हणाली, "माझ्या मुलाने हे पुस्तक तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मला शेजारी बसवून वाचलं, मला चित्रं समजावत. तो दहा वर्षांचा झाल्यापासून माझ्या शेजारी बसला नव्हता." आणि खाली बसली.

मग त्याने हुकमाचा पत्ता काढला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "या बाईंनी जन्मदात्या बापाची बदनामी केली आहे. आर्मांना आपण सगळे ओळखतो. माझ्या लहानपणी त्यांनी मला ढोलावर बसवलंय. आणि त्यांची थोरली मुलगी इथे माझ्या शेजारी आहे. मॅडम, तुम्ही त्याच घरात वाढलात. सांगा सगळ्यांना, असं काही होतं का?"

त्याची खात्री होती. चाळीस वर्षं तू ज्या चेहऱ्याने गावात वावरलीस, त्या चेहऱ्यावर त्याने पैज लावली होती. माझीही, खरं सांगते, तीच खात्री होती. मी कोट उचलला होता.

तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास. मागच्या रांगेतून तुझा चेहरा अगदी लहान दिसत होता. तू म्हणालीस, "दार तसंच होतं. आम्ही जिन्यावर बसायचो." मग थांबलीस. मला वाटलं, संपलं. तू म्हणालीस, "चित्रात एकच चूक आहे. तिने आम्हाला तिथे एकदाच बसवलंय."

वार्नां उभाच होता, त्याला बसायचं सुचलं नाही. तू घड्याळ पाहिलंस, कागद गोळा केलेस, "सभा संपली" म्हणालीस आणि बाजूच्या दाराने निघून गेलीस. मी वाहनतळावर धावले तोवर तुझी गाडी पुलावर होती.

मला वाटलं होतं की जिंकल्यावर मला आरडाओरडा करावासा वाटेल. मी गाडीत बसून राहिले. म्यूज नदीवर धुकं होतं, वायपर उगाच चालू ठेवले.

पण क्लेमांसचं काय केलंस? त्याबद्दल तू एक अक्षर काढलं नाहीस. सभेत खरं बोलणं ही एक गोष्ट, बेनेदिक्त. ती पोरगी काल रात्री त्याच घरात झोपली. मला उत्तर हवंय.

आन्येस


ब्रसेल्स, १३ मार्च

बेने,

ती त्या घरात झोपली नव्हती. सेव्हरीनबाईंनी काल सांगितलं, तेही तुझी परवानगी घेऊन.

म्हणजे सभेच्या दिवशी दुपारीच तू सही करून कागद बालकल्याण कचेरीला पाठवला होतास. त्याआधी क्लेमांसच्या आईला दोनदा शाळेत बोलावलंस, दार लावून घेतलंस, आणि ती रडेपर्यंत नाही, बोलेपर्यंत बसून राहिलीस. नवरा सभेत असेल तेवढ्या वेळात तिने दोन पिशव्या भरायच्या आणि लेकीला घेऊन लिएजला बहिणीकडे गाठायचं, असं ठरलं. आणि तोवर त्याला खुर्चीवरून उठू न देणं हे तुझ्याकडे होतं. रेडिएटर. सूप. मिरवणुकीतले कपडे. मी मागे बसून तुला शिव्या घालत होते आणि तू सुपातल्या मिठावर एका माणसाला बांधून ठेवत होतीस.

मी माफी मागणार नाही. तू उशीर केलास, ते खरंच आहे. तेवढे दिवस ती टोपली तिथेच होती. पण तू केलंस, आणि माझ्या ओरडण्याने ते झालं नसतं, हेही खरं आहे. दोन्ही शेजारी शेजारी राहू देत. मी चित्रकार आहे, मला तशी सवय आहे.

क्लेमांस लिएजच्या शाळेत जायला लागली. खोलीला कडी आहे, असं तिने सेव्हरीनबाईंना कळवलं. एवढंच कळवलं.

वार्नांने वकील धरला आणि संस्थेकडे तुझी तक्रार केली, त्यांनी तुला घरी बसवलं, तेही कळलं. चौकशी होईपर्यंत रजा, असा गोड शब्द वापरलाय म्हणे. गावात काही लोक तुला पाहून रस्ता बदलतात. बाबांनी वृद्धाश्रमातून फोन करून तुला काय म्हटलं असेल ते मला ऐकवू नकोस, मला ते पाठ आहे. मला त्यांनी परवा फोन केला. म्हणाले, "तू तर होतीसच तशी. पण तिलाही फितवलंस?" मी म्हटलं, "बाबा, तिला कुणी फितवत नाही. तिने ठरवलं." त्यांनी फोन आपटला. ऐंशी उलटली तरी आपटायचा जोर तोच.

ऐक. तू राजीनामा देणार आहेस, असं सेव्हरीनबाईंना वाटतंय. देऊ नकोस. चौकशीला मी येते, साक्षीला म्हण, नुसती शेजारी बसायला म्हण. लोरिसची आई येते म्हणाली. माएलिसने वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या गोळा केल्यात, त्यात एक सही वर्गात पाळलेल्या कासवाची आहे. वाचनालयात दर बुधवारी पोरं जमतात, आता मी नसले तरी. पुस्तक तुमच्या शाळेत कपाटात कुलूपबंद आहे, त्यामुळे आठवीची पोरंही ते मागायला लागलीत. प्रकाशकाने दुसऱ्या आवृत्तीचं विचारलं. मी म्हटलं, जशीच्या तशी छापा.

तू म्हणालीस ती चूक दुरुस्त करावी का, यावर मी दोन दिवस विचार केला. नाही करणार. किती वेळा, ते वाचणाऱ्याने ठरवावं. ज्याला माहीत आहे त्याला माहीत असतं.

आता शेवटचं. ब्रुनो तुझा नंबर मागत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. विचारत होता, ती उचलेल का. मी म्हटलं, मला काय माहीत, तिलाच विचार. रविवारी दुपारी तो फोन करेल. त्याची तेव्हा सकाळ असते, त्याचं उपाहारगृह उघडायच्या आधीची. उचलायचा की नाही ते तू ठरव.

सभेत तू काय म्हणालीस ते मी त्याला सांगितलेलं नाही. ते तू सांग.

आन्येस